अडलेला थेंब

थेंब दोन मायक्रोलिटरचा. म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा, किंचित फुगलेला. खाली लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाची चिप, काचेसारखी पारदर्शक, आणि तिच्या डाव्या कडेला सोन्याच्या बारीक रेघांचा एक पट्टा. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, की त्या पट्ट्याला वीस मेगाहर्ट्झची वीज मिळते, चिपच्या पाठीवरून ध्वनीची लाट धावते आणि थेंब आधी पुढे झुकतो, वाऱ्याच्या दिशेने अंग टाकल्यासारखा, आणि मग सरकू लागतो. पाच-सहा मिलिमीटर मजेत जातो आणि एका जागी अडतो. तिथे काही नाही. ओरखडा नाही, धूळ नाही, भिंगाखालीही पृष्ठभाग लख्ख. पॉवर वाढवली की थेंब थरथरतो, माथा वर काढतो, आणखी वाढवली तर माथ्यावरून बारीक तुषार उडतात, पण पाय काही सुटत नाही. दुसरा थेंब टाकला, तोही तिथेच. तिसरा, तिथेच. घराकडे निघालेला बैल रोजच्या वाटेवर एका ठरावीक ओढ्याशी अडून बसावा, तसं.

आणि हे सगळं चाललेलं असतं शांततेत. नाव ध्वनिलहरींचं, पण ऐकू येतो तो फक्त अ‍ॅम्प्लिफायरचा पंखा. वीस मेगाहर्ट्झ म्हणजे माणसाच्या कानाच्या वरच्या मर्यादेच्या हजारपट. समोरची चिप सेकंदाला दोन कोटी वेळा हलते आहे यावर, थेंब सरकताना दिसला नसता, तर विश्वास बसला नसता.

ही लाट ज्या जातीची आहे तिचं गणित इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं. घन पदार्थाच्या फक्त पाठीवरून धावणारी लाट, आत साधारण एका तरंगलांबीइतकी खोल गेली की विरून जाणारी. भूकंपात अशा लाटांचा मोठा वाटा असावा हा अंदाज त्यांनी तिथेच बांधून ठेवला होता, आणि तो खरा ठरला. भूकंपाची लाट किलोमीटरात मोजतात. चिपवरची लाट त्याच कुळातली, पण केसाच्या जाडीच्या दोन-तीनपट लांबीची. ती उठवायची युक्ती बर्कलीच्या व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये दाखवली: पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिली की ताणला-आखडला जाणाऱ्या, स्फटिकावर धातूच्या दोन फण्या, एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सैल गुंतवल्यासारखी. एका फणीला अधिक, दुसरीला उणे, आणि दर चक्राला उलट. दातांमधला स्फटिक ताणला जातो, आखडतो, आणि पाठीवरून लाट निघते. मोबाइलमधले जे फिल्टर हव्या त्या बँडचे सिग्नल चाळून घेतात त्यांतले पुष्कळसे याच तत्त्वावर चालतात. म्हणजे ही लाट आपल्या खिशात आहेच, फक्त तिच्या वाटेत कोणी थेंब ठेवत नाही.

थेंब ठेवला तर काय होतं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. १२८ अंशांच्या वाय-कटमधल्या, म्हणजे ठरावीक कोनात कापलेल्या, लिथियम नायोबेटवर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ३९९० मीटर. वीस मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोनशे मायक्रॉन, म्हणून फणीचा दात पन्नास मायक्रॉन रुंद आणि मधली फटही पन्नास. पृष्ठभाग वर-खाली होतो तो एखाद्या नॅनोमीटरने. इतक्याशा हलण्याने काय होणार, असं वाटतं. पण दोन कोटी वेळा होणारं एक नॅनोमीटरचं हलणं म्हणजे त्वरण गुरुत्वाच्या सोळा लाखपट. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला पंधराशे मीटरच्या आसपास, चिपवरच्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे लाट थेंबाच्या कडेशी आली की सरळ पुढे न जाता पाण्यात गळू लागते, उभ्या रेषेपासून बावीस अंश पुढे कललेली. गळतीचा हिशोबही सोपा आहे. पाण्याखाली साधारण बारा तरंगलांब्या गेल्या की लाटेची उंची एक-तृतीयांशाच्या थोडी वर उरते. वीस मेगाहर्ट्झला हे अंतर अडीच मिलिमीटर. आपल्या थेंबाचं बूड पावणेदोन मिलिमीटर. म्हणजे मोटामोटी पाऊण शक्ती थेंब पितो आणि पाव पलीकडून निसटते. त्या निसटलेल्या पावाचं काय करायचं, ते पुढे.

पाण्यात शिरलेला ध्वनी तिथेच मुरतो आणि मुरताना पाण्याला आपल्या दिशेने ढकलतो. थेंबात शाईचा कण सोडला की दिसतं: आतून वर, पुढे, मग कडेने मागे असे दोन भोवरे, दुधात साखर ढवळावी तसे. लाटेचा पट्टा थेंबाच्या मध्यावर न येता एका बाजूला आला तर अख्खा थेंब भिंगरीसारखा फिरतो. शक्ती कमी असेल तर एवढंच होतं, आणि मिसळण्यासाठी तेवढंच हवं असतं. कारण इतक्या लहान थेंबात पाणी आपणहून ढवळलं जात नाही, दोन रसायनं शेजारी शेजारी सुस्त पडून राहतात. शक्ती वाढवली की थेंब झुकतो, सरकतो. आणखी वाढवली की उसळी मारतो. त्याहून वाढवली की त्याचं धुकं होतं. शोको शिओकावा आणि सहकाऱ्यांनी जपानच्या शिझुओका विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या शेवटी हे सगळे प्रकार दाखवले. पुढे जर्मनीत आउग्सबुर्गला आखिम विक्सफोर्थ यांच्या गटाने त्यातून चिपवरची छोटी प्रयोगशाळा उभी करायचा ध्यास घेतला: नळ्या नाहीत, पंप नाहीत, सपाट पाट्यावर थेंब इकडून तिकडे.

सपाट पाटा म्हणायला सोपं आहे.

स्वयंपाकघरात दोन पृष्ठभाग शेजारी ठेवून बघावेत. एक नॉनस्टिक तवा, दुसरं अळूचं पान. तव्यावर पाण्याचा लहानसा थेंब टाकला तर तो छान फुगीर बसतो. तवा तिरका करा, उभा करा, थेंब तिथेच, भिंतीवरच्या पालीसारखा. अळूवर टाकला तर तो ठरतच नाही. पान जरासं कललं की पाऱ्यासारखा धावतो आणि देठाजवळच्या खळग्यात जाऊन चकाकतो. खालून रुपेरी दिसतो, कारण पाणी आणि पान यांच्या मध्ये हवेचा थर असतो आणि प्रकाश तिथून परत फिरतो. आयुष्याला अळवावरचं पाणी म्हणणाऱ्यांनी ते क्षणभंगुर म्हणून म्हटलं. थेंब सरकवायच्या कामात मात्र ती उपमा थेट कौतुकाची आहे. असा पृष्ठभाग मिळाला तर आणखी काय हवं?

तव्याचा स्पर्शकोन काही वाईट नसतो. पाण्याची कड पृष्ठभागाला जिथे भेटते तिथला हा कोन नव्वदाच्या वर गेला की पृष्ठभाग पाण्याला नको म्हणतो असं आपण मानतो, आणि टेफ्लॉनचा कोन एकशे दहाच्या घरात असतो. पण थेंब हलण्याशी या एका आकड्याचा संबंध फार थोडा. प्रश्न दोन कोनांचा आहे. थेंबाची पुढची कड पुढे सरकायला लागण्याआधी कोन जिथवर वाढतो तो एक, आणि मागची कड सुटण्याआधी जिथवर घटतो तो दुसरा. या दोघांतली तफावत म्हणजे हिस्टेरेसिस, आणि तीच थेंबाची चिकाटी. पुढचा कोन ११० आणि मागचा ९५ असेल, तर दोन मायक्रोलिटरच्या थेंबाला धरून ठेवणारं बल तीसेक मायक्रोन्यूटन भरतं. थेंबाचं वजन वीस. म्हणून उभ्या तव्यावरही तो पडत नाही. अळूवर कोन एकशे साठच्या आसपास, तफावत जेमतेम चार-पाच अंश आणि बूड अर्ध्या मिलिमीटरचं धरलं, तर तेच बल एक-दीड मायक्रोन्यूटनवर येतं. वीसपटीचा फरक, आणि तो केवळ गोलाईचा नाही. गुलाबाच्या पाकळीवर थेंब तितकाच गोल असतो आणि पाकळी उलटी केली तरी लटकून राहतो. तरीही शोधनिबंधांत स्पर्शकोनाचा फोटो मिरवलेला असतो आणि हिस्टेरेसिसचा आकडा शोधावा लागतो. मुलगा दिसायला कसा आहे ते सांगायचं आणि कमावतो काय ते विचारलं की चहा पुढे करायचा, त्यातला प्रकार.

मग चिपवर अळूचं पानच का बनवू नये? बनवतातही. बॉनच्या बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाची करामत उलगडून दाखवली: सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाची लव. अळूचंही तेच. अंगठ्याने पान जोरात घासलं तर ती लव पुसली जाते आणि पाणी त्या जागी लोळण घेतं. तसे खांब सिलिकॉनमध्ये कोरता येतात, तशी लव रसायनांनी उगवता येते, आणि घरी करायचं तर मेणबत्तीच्या ज्योतीवर काच फिरवून काजळी धरली तरी पाणी तिच्यावरून गोटीसारखं घरंगळतं, फक्त जाताना काजळीचे कण अंगावर घेऊन जातं. पण अशा पृष्ठभागावर ध्वनीची लाट सोडली की खरी गोम कळते. लाट थेंबात शिरते ती घन आणि पाणी जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथूनच. अळूसारख्या पृष्ठभागावर थेंब टेकतो फक्त उंचवट्यांच्या टोकांवर, बाकी खाली हवा. पाण्याचा ध्वनीला होणारा रोध हवेच्या साडेतीन हजारपट, त्यामुळे हवेतून पाण्यात जाते ती शक्ती हजारात एक भाग. थेंब सैल आहे, पण लाटेला त्याला हातच लावता येत नाही. आणि हात लावता यावा म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत केला, की थेंब पाय रोवून बसतो.

ढकलायचं तर धरावं लागतं, आणि धरलं की हलत नाही.

या कामाचं सगळं दुखणं एवढ्यात आहे. बाकीची कारागिरी त्याच्या कडेने वाट काढण्याची. सर्वांत रुळलेली वाट मधली: स्फटिक गुळगुळीतच ठेवायचा आणि त्यावर इतका पातळ जलद्वेष्टा थर द्यायचा की लाटेला तो जाणवू नये. रेणूंचा एकच थर हवा असेल तर ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन. चिप आधी ऑक्सिजन प्लाझ्मात उजळून घ्यायची, मग टोल्युइनमधल्या पातळ द्रावणात बुडवायची, धुवायची, वाळवायची. कागदावर तीन ओळींचं काम. प्रत्यक्षात हे रसायन दमट हवेत आपसातच जोडलं जातं आणि चिपवर पांढुरके ठिपके बसतात. मुंबईच्या जुलैत उघड्या टेबलावर हे करू पाहणं म्हणजे पापड पावसात वाळत घालणं. कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत करावं, बाटली उघडी ठेवू नये. दुसरा मार्ग टेफ्लॉन एएफचा: फ्लोरिनयुक्त द्रावकात विरघळवून स्पिनरवर फिरवायचं आणि भट्टीत भाजायचं. तो जास्त एकसारखा बसतो, पण लिथियम नायोबेटवर त्याची पकड यथातथाच. कडेला नख लागलं तर साल निघावी तशी पापुद्रा निघतो.

भाजण्याचं प्रकरण स्वतंत्रच आहे. लिथियम नायोबेट नुसता पीझोइलेक्ट्रिक नाही, पायरोइलेक्ट्रिकही आहे: तापमान बदललं की त्याच्या अंगावर विद्युतभार जमतो. सिलिकॉनची सवय असलेला हात फोटोरेझिस्ट, म्हणजे नक्षी उमटवायचा प्रकाशसंवेदी लेप, लावलेला वेफर (चिपा जिच्यातून कापतात ती स्फटिकाची पातळ चकती) सरळ ११० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवतो. चट् असा आवाज येतो, आणि नशीब चांगलं असेल तर फक्त ठिणगी पडलेली असते. नसेल तर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा तो वेफर स्फटिकाच्या रेषेत चिरतो. म्हणून थंड प्लेटवर ठेवायचं आणि मिनिटाला दोन-तीन अंशांनी वर न्यायचं, तितक्याच सावकाश खाली आणायचं. घाई फक्त महाग पडते. ठिणगी फण्यांच्या फटीत पडली तर दोन दात वितळून एकमेकांना चिकटतात आणि पूर्ण फणी शॉर्ट. रासायनिक प्रक्रियेने काळसर केलेले वेफर मिळतात, त्यांत हा भार साठत नाही. पण मग खालून प्रकाश टाकून थेंब पाहण्याची सोय जाते.

फण्या उमटवण्याची पद्धत मात्र सरधोपट. अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, शुद्ध पाणी या क्रमाने वेफर धुवायचा, नायट्रोजनच्या झोताने वाळवायचा, फोटोरेझिस्टवर मास्कमधून नक्षी उमटवायची, आधी पाच-दहा नॅनोमीटर क्रोमियम आणि वर शंभर-दोनशे नॅनोमीटर सोनं चढवायचं. क्रोमियम नसेल तर सोनं स्फटिकाला धरत नाही. मग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं की नको असलेलं सोनं रेझिस्टसकट उठून येतं. उठत नाही तेव्हा सोनं रेझिस्टच्या भिंतीवरून खाली ओघळलेलं असतं. तिथे बोळ्याने घासायचा मोह टाळावा. मास्क वेफरच्या कापलेल्या कडेला नीट जुळवून ठेवणं सर्वांत महत्त्वाचं, कारण लाट स्फटिकाच्या एक्स-अक्षाच्या दिशेने सरळ चालते. नक्षी तिरकी बसली तर लाटही वाट सोडून तिरकी सरकते, थेंब कडेकडेने जातो, आणि माणूस पृष्ठभागाला दोष देत राहतो.

दातांच्या किती जोड्या घ्यायच्या, हा सौद्याचा प्रश्न. जोड्या जास्त तर लाट जोमदार, पण बँड अरुंद. पंचवीस जोड्यांना वीस मेगाहर्ट्झभोवती पाऊण मेगाहर्ट्झची ऐसपैस जागा मिळते. चिप दहा अंशांनी तापली तर तिची फ्रिक्वेन्सी पंधरा किलोहर्ट्झने घसरते, तेवढं त्यात खपून जातं. दोनशे जोड्या घातल्या तर हेच जाणवायला लागतं. खरी फ्रिक्वेन्सी गणिताने काढलेल्या आकड्यावर क्वचितच सापडते. नेटवर्क अ‍ॅनालायझरवर परावर्तनाचा खड्डा, म्हणजे जिथे सर्वांत कमी शक्ती परत येते ती फ्रिक्वेन्सी, शोधून तीच धरावी. खड्डा उथळ असेल तर शक्ती चिपमध्ये न जाता केबलमधून परत येते, अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि थेंब ढिम्म. आणि फणी दोन्ही बाजूंना लाट सोडते, अर्धी शक्ती पाठीमागे. मागची लाट चिपच्या कडेवर आपटून परतली, किंवा थेंबातून निसटलेला तो पाव हिस्सा समोरच्या कडेवरून उलटला, की चिपवर स्थिर लाट उभी राहते. थेंब मग पुढे जाण्याऐवजी एका पेरावर डुलत बसतो. उपाय अगदी गावठी: दोन्ही कडांना सिलिकॉन जेल किंवा पुट्टी लिंपायची. शक्ती पाठीवरच असल्याने चिप खालून अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसवली तरी काही बिघडत नाही. बसवावीच, नाहीतर दोन वॅटला एका बाजूने तापून तडकते.

थेंब चिकटून राहण्यावर दुसरा उपाय शक्तीचा नाही, लयीचा आहे. पाण्याच्या मोकळ्या थेंबाला स्वतःची लय असते. ती कशी मोजायची हेही रॅले यांनीच १८७९ मध्ये सांगून ठेवलं. दोन मायक्रोलिटरला सेकंदाला पावणेदोनशे वेळा, दहा मायक्रोलिटरला ७८ वेळा. पृष्ठभागावर बसलेल्या थेंबाचे आकडे वेगळे येतात, कमीही येतात, पण त्याच घराण्यातले. फ्रान्समधल्या लिल येथे मायकेल बोडुआं आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की उच्च फ्रिक्वेन्सीची लाट सलग न सोडता थेंबाच्या लयीशी जुळणाऱ्या मंद गतीने कमी-जास्त केली, तर थेंब हलवायला लागणारी शक्ती बरीच घटते. डुलण्यात कड एका क्षणी सैल होते, आणि त्याच क्षणी ढकललं की सुटते. बरणीत अडकलेलं लोणचं आपण दाबून काढत नाही, बुडावर चापट्या मारतो.

हीच गोष्ट डोळ्यांना आणि कानांना एकदम कळावी अशी आहे ती ऐकू येणाऱ्या ध्वनीत. जुन्या स्पीकरच्या मध्यावर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवावी, तिच्यावर ड्रॉपरने थेंब ठेवावा, मोबाइलमधल्या टोन जनरेटरने चाळीस हर्ट्झपासून वर चढत जावं. एका सुराला थेंब नुसता फुगतो, पुढच्याला डावीकडे-उजवीकडे झुलतो, आणखी वर त्याला कोपरे फुटतात. घुमणारा आवाज छातीत जाणवतो आणि थेंब त्याच तालावर. आता पट्टी किंचित तिरकी केली तर थेंब उतरणीला लागावा अशी अपेक्षा. पण पुरेशा जोराच्या उभ्या कंपनांवर तो चढावर जाऊ शकतो. ब्रिस्टलच्या ब्रुने, एगर्स आणि डीगन यांनी २००७ मध्ये हे छापलं तेव्हा विश्वास न बसणारे पुष्कळ असणार. ज्यांनी सूप हाताळलं आहे त्यांना कमी नवल वाटावं. पाखडताना दाणे सुपाच्या उताराकडे न जाता मागे, हाताकडे सरकत येतात, कारण वरचा झटका आणि खालचा झटका सारखे नसतात. थेंबाचंही वर जाताना चपटं होणं आणि खाली येताना उंच होणं सारखं नसतं, आणि उतारामुळे ती असमानता एका दिशेला झुकते. सिएटलला कार्ल बोह्रिंगर यांच्या गटाने हा झुकाव पृष्ठभागातच कोरला: चंद्रकोरीसारख्या कमानींची रांग, सगळ्यांची तोंडं एकीकडे. कमानीशी जुळणारी कड चिकटून राहते, दुसऱ्या बाजूची तिला आडवी छेदते म्हणून सुटते. खालून स्पीकरसारखं कंपन, आणि थेंब कमानीमागून कमान चालत जातो. वीज थेंबाला शिवतसुद्धा नाही. वेग मात्र लाटेच्या मानाने बैलगाडीचा, आणि वाट कोरली ती कोरली, मग वळवता येत नाही.

तिसरी वाट तेलाची. घटपर्णीच्या कलशाच्या निसरड्या ओठावरून हार्वर्डमध्ये २०११ साली सुचलेली: सच्छिद्र थरात न उडणारं तेल मुरवायचं आणि थेंब त्या तेलावर बसवायचा. स्पर्शकोन तव्याएवढाच, पण तफावत एखाद-दोन अंशांची. इथे हवा नाही, त्यामुळे ध्वनी तेलातून पाण्यात जातो. धरणंही आहे आणि सोडणंही. ब्रिटनमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये अशा पृष्ठभागावर ध्वनिलाटेने थेंब चालवून दाखवले. किंमत अशी, की थेंब जाताना तेलाचा झगा अंगावर ओढून नेतो. पन्नास फेऱ्या, शंभर फेऱ्या, आणि वाट कोरडी पडत जाते. जाड थर दिला तर लाट थेंबापर्यंत पोहोचण्याआधी थरातच मुरते. पुन्हा तोच सौदा.

आणि हे सगळं शुद्ध पाण्याचं. खरं काम रक्ताचं, लाळेचं, प्रथिनांचं. प्रथिनांना जलद्वेष्ट्या पृष्ठभागाचं भारी प्रेम, मिनिटा-दोन मिनिटांत बुडाशी चिकटून बसतात आणि थेंबाच्या मागची कड सुटायचं नाव घेत नाही. ग्लासगोमध्ये जोनाथन कूपर आणि ज्युलियन रेबूड यांच्या गटाने यातून व्यवहारी मार्ग काढला. महागडा लिथियम नायोबेट खाली कायमचा, त्यावर द्रवाचा पातळ थर, त्यावर स्वस्त, फेकून देण्याजोगी सिलिकॉनची चकती, आणि चकतीत कोरलेली छिद्रांची नक्षी, जी लाटेला हवं तसं वळवते. २०१२ मध्ये त्यांनी अशा चकतीवर रक्ताच्या थेंबातल्या पेशी ध्वनीने फोडून, त्याच थेंबाला ध्वनीनेच तापवून मलेरियाच्या परजीवीचा डीएनए ओळखून दाखवला. तिथे थेंबाने लांबचा प्रवास करावा असा हट्टच नव्हता, आणि मला वाटतं शहाणपण त्यातच होतं. करून पाहणाऱ्यांसाठी एवढंच: मधल्या द्रवात एक हवेचा बुडबुडा राहिला तरी त्याच्या वरचा थेंब बहिरा होतो. चकती एका कडेने टेकवत, काचेवर फिल्म लावतात तशी हळूहळू खाली आणावी.

आता तो अडलेला थेंब. लाट चालू राहिली की थेंब तापतो आणि काही मिनिटांत आटतो. आटताना कड जागची हलत नाही. कडेला बाष्पीभवन जोरात, म्हणून आतलं पाणी सतत कडेकडे धावतं आणि जे काही विरघळलेलं असेल ते तिथे नेऊन टाकतं. कपाखालचं चहाचं वर्तुळ होतं ते असंच, आणि त्याचं कारण १९९७ मध्ये मांडणाऱ्यांत चढावर जाणाऱ्या थेंबांवाले तेच डीगन होते. चिपवर बफरचा, म्हणजे प्रयोगातल्या खारट द्रावणाचा, एखादा थेंब कधीतरी असा आटलेला असतो. राहिलेली कडी काही नॅनोमीटर उंचीची. भिंगाला दिसत नाही. मागून येणाऱ्या थेंबाच्या कडेला मात्र ती नेमकी लागते: मिठाची, प्रथिनाची, पाण्याला धरून ठेवणारी.

ती शोधायला यंत्र लागत नाही. चिप चिमट्यात धरायची, तोंडाजवळ आणायची, आणि चष्म्याची काच पुसण्याआधी करतो तसा तोंड उघडून हाऽ करायचा. फुंकर नको, फुंकरीत थुंकी उडते. स्वच्छ जलद्वेष्ट्या भागावर वाफेचे सुटे ठिपके बसतात आणि तो दुधाळ दिसतो. जिथे मळ आहे तिथे वाफेचं सलग पातळ पटल होतं आणि तो भाग काळा, पारदर्शक राहतो. श्वासाच्या या चित्रांवरही रॅले यांनी १९११ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेलं आहे. थेंबाची लय, पाठीवरची लाट आणि हे, तिन्ही त्यांचंच. दुधाळ चिपवर, फणीपासून सहाएक मिलिमीटरवर, तारेसारखी बारीक काळी कडी उमटते. पावणेदोन मिलिमीटर व्यासाची, पूर्ण गोल. दोन-तीन सेकंदांत वाफ उडते आणि कडी पुन्हा नाहीशी.

शुद्ध पाण्याने दोनदा धुवून, मग अल्कोहोल, मग नायट्रोजन. प्लाझ्मा नाही, त्याने कडीबरोबर थरही जाईल. पुन्हा श्वास सोडून पाहिलं तर कडी गेलेली, फक्त डाव्या बाजूला एक स्वल्पविरामाएवढी काळी रेघ. नवा थेंब, दोन मायक्रोलिटर, तेवढीच पॉवर. झुकला, निघाला. त्या जागी आल्यावर त्याची मागची कड एका बाजूने ताणली गेली, थेंब लांबुळका झाला, क्षणभर तसाच राहिला. मग ती बाजू सुटली आणि तो किंचित उजवीकडे वळून पुढे गेला, कडेच्या जेलला टेकेपर्यंत.